गुप्तधन शोधायची यंत्रं: खरं किती खोल बघतं आणि खोटं कसं ओळखायचं

आधी निकाल, म्हणजे घाई असलेल्याला पुढचं वाचायची गरज नाही. ‘गोल्ड डिटेक्टर’ या एकाच नावाखाली बाजारात चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. हातात धरून फिरवायचं साधं मेटल डिटेक्टर: पाचपैकी चार तारे. खोलवरचं शोधणारं, दोन पेट्यांचं किंवा मोठ्या चौकटीचं यंत्र: तीन तारे, तेही नेमकं काय शोधायचंय हे ठाऊक असेल तरच. मोबाइलवरचं ॲप: एक तारा, तो फुकट असल्याबद्दल. आणि पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे फिरती अँटेना असलेलं ‘लाँग रेंज लोकेटर’, ज्याची किंमत बहुतेक वेळा सगळ्यात चढी सांगतात: शून्य.

गोष्टीतलं धन नेहमी खोल असतं. पाच पुरुष खोल, तळघराखालचं तळघर, विहिरीच्या पोटातलं भुयार. खरं यंत्र मात्र नाणं वीतभर खोलीवर पकडतं आणि घागर हातभर, जमलंच तर दोन हातांवर. या दोन आकड्यांमध्ये जी पोकळी आहे, तिच्यावरच हा सगळा धंदा चालतो. खरं यंत्र विकणारा दुकानदार ‘तीन फुटांच्या पुढे काही सांगता येणार नाही’ म्हणतो आणि गिऱ्हाईक हिरमुसतं. मग ते गिऱ्हाईक ‘तीस मीटर खोल, दोन किलोमीटर लांब’ म्हणणाऱ्याकडे जातं.

साधं डिटेक्टर

नमुना म्हणून गॅरेट कंपनीचं एटी प्रो घेऊ. जुनं मॉडेल आहे, जगभर वापरून झालंय, त्याची खोड आणि गुण दोन्ही माहीत आहेत. १५ किलोहर्ट्झवर चालतं, साडेआठ बाय अकरा इंचांची लंबगोल ‘डबल-डी’ कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती), वजन सुमारे १.४ किलो, चार डबल-ए सेल, दहा फूट पाण्यातही चालतं. नोक्ताचं सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झचं. मिनेलॅबची इक्विनॉक्स मालिका एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरते, त्यामुळे बारीक दागिना आणि ओल्या खाऱ्या वाळूत ती उजवी ठरते. पण हंडा-घागर एवढी वस्तू शोधताना या तिघांत फार फरक पडत नाही. त्यासाठी दुप्पट पैसे घालू नयेत.

आत काय चालतं ते समजून घेतलं की निम्मी फसवणूक आपोआप टळते. कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतं. खाली धातू असला की त्यात विद्युतप्रवाह गरगरू लागतात, त्या प्रवाहांचं स्वतःचं छोटं क्षेत्र तयार होतं आणि ते दुसरं वेटोळं टिपतं. परतीचा सिग्नल किती जोरकस आणि किती उशिरा आला, एवढंच यंत्राला कळतं. तो उशीर धातू कोणता, केवढा आणि किती जाड या तिन्हींवर एकदम ठरतो. म्हणून पडद्यावर शून्य ते नव्व्याण्णवमधला जो आकडा येतो तो ‘सोनं’ नावाचा आकडा नसतो. लोखंड साधारण चाळीसच्या आत, चांदीचं मोठं नाणं ऐंशीच्या वर, आणि सोन्याची अंगठी मधल्या पट्ट्यात. त्याच मधल्या पट्ट्यात गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, शीतपेयाच्या डब्याची कडी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे येतात. ‘फक्त सोन्यावर वाजतं’ असं कुणी सांगितलं तर तिथेच नमस्कार करून उठावं.

खोलीचं गणित तर याहून निष्ठुर आहे. कॉइलपासून दूर जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं, आणि धातूकडून परत येणारं उत्तरही घनानेच कमी होतं. दोन्ही मिळून खोली दुप्पट झाली की सिग्नल चौसष्टावा हिस्सा उरतो. तिप्पट झाली की ७२९वा. ‘चिप बदलून खोली तिप्पट करून देतो’ म्हणणारा कारागीर नेमकं काय करून देणार आहे ते या आकड्याशी ताडून बघावं. मोठी कॉइल लावली तर खोली थोडी वाढते, पण बारीक वस्तू हातून निसटू लागतात. ११ इंची कॉइलने चांगल्या मातीत रुपयाएवढं तांब्याचं किंवा चांदीचं नाणं २० ते २५ सेंटिमीटरवर आणि पितळी घागर पाऊण ते एक मीटरवर मिळणं, हा उत्तम निकाल समजावा.

‘चांगल्या मातीत’ हे शब्द महत्त्वाचे, कारण आपली माती यंत्राला जड जाते. देशावरचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, त्यात चुंबकीय खनिज भरपूर. कोकणातला जांभा त्याहून त्रासदायक. लोहखनिजाने तांबडा झालेला हा दगड स्वतःच सिग्नल देतो. म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा सिग्नल यंत्राला वगळायला लावणं, केल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. पद्धत सोपी आहे. खाली धातू नाही अशी हातभर जागा शोधायची, ऑटो ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून धरायचं आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून एक इंच ते आठ इंच अशी खालीवर पंप करायची. आवाज दबला की बटण सोडायचं. शेतातून बांधावर, बांधावरून पडक्या वाड्याच्या जोत्यावर गेलात की पुन्हा करायचं. जांभ्यावर तर वीस-पंचवीस पावलांवर करावं लागतं. एखादा सुटा दगड वाजत असेल तर तो उचलून बाजूला ठेवा आणि पुन्हा कॉइल फिरवा; आवाज दगडाबरोबर गेला तर तो तापट दगड होता, धन नव्हे.

फिरवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे झाडू मारल्यासारखा झोका. टोकाला कॉइल पाच-सहा इंच वर जाते आणि तेवढी खोली वाया जाते. जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, सपाट, मागचा पट्टा निम्मा झाकत पुढे सरकायचं. सेन्सिटिव्हिटी शेवटच्या काडीपर्यंत चढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. डीपी, पंपाची केबल किंवा रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन जवळ असेल तर यंत्र बडबडत सुटतं आणि खरा सिग्नल त्यात बुडतो. कॉइलची केबल दांड्याला सैल गुंडाळली असेल तरी खोटे आवाज येतात. विचित्र वागणाऱ्या यंत्रांत हे कारण इतक्यांदा निघतं की दुरुस्तीला पाठवण्याआधी केबल घट्ट करून बघावी.

खोलीचा जो आकडा पडदा दाखवतो तो नाण्याएवढी वस्तू गृहीत धरून काढलेला असतो. मोठी वस्तू असली तर तो चुकतो: दोन फुटांवरचा पत्र्याचा डबा सहा इंचांवर दाखवतो. सहा इंच खणून काही मिळालं नाही की लोक म्हणतात ‘धन खाली सरकलं’. धन सरकत नाही. कॉइल जमिनीपासून फूटभर वर उचलून बघा; तरीही आवाज तसाच भरघोस येत असेल तर वस्तू मोठी आणि खोल आहे, बहुधा जुना पत्रा.

घेतल्यावर पहिलं काम म्हणजे परसात चाचणीचा वाफा करणं. सध्याची एक-दोन रुपयांची नाणी वापरू नका, ती चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत आणि यंत्र त्यांना लोखंडाकडे ढकलतं. तांब्याचा जुना पैसा १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर, चांदीचं जोडवं १० वर, पितळी तांब्या ५० वर, आणि मुद्दाम एक गंजका खिळा नाण्याशेजारी. पावसाळा जाऊन माती बसू द्या. मग कान तयार होतो. आवाजाने खिळा आणि नाणं वेगळं ओळखता येणं हे पडद्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

चौथा तारा कशासाठी? शेतात पडलेली अंगठी, नांगराचा तुटलेला फाळ, मातीखाली गेलेलं वॉल्वचं झाकण, पाइपाची जोडणी, आरा गिरणीत ओंडक्यातला खिळा. या कामांना हे यंत्र पैसा वसूल आहे. पाचवा तारा कापला तो दुरुस्तीच्या सोयीसाठी. बरेच विक्रेते आयात करून विकतात आणि कॉइल बिघडली की हात वर करतात. बिलावर अनुक्रमांक आणि वॉरंटी कोण देणार त्याचं नाव लिहून घ्या. नकली गॅरेटही भरपूर फिरतात. बिलाआधी तो क्रमांक कंपनीकडून पडताळून घ्यायला काही लागत नाही.

खोल शोधणारी यंत्रं

दोन पेट्यांच्या यंत्रात मीटर-सव्वा मीटरच्या दांड्याच्या एका टोकाला प्रक्षेपक, दुसऱ्याला ग्राहक. दोन्हींच्या वेटोळ्यांची तोंडं काटकोनात, त्यामुळे मधे धातू नसेल तर ग्राहक गप्प. नाणी, खिळे, बुचं याला दिसतच नाहीत, आणि हाच याचा गुण. पेटी, हंडा, पिंप अशी वस्तू दीड-दोन मीटरपर्यंत, फार मोठी असेल तर त्याहून थोडी खोल सापडू शकते. चालताना दांडा कायम एकाच उंचीवर राहिला पाहिजे. ढेकळांच्या रानात ते फार अवघड. मनगटातलं घड्याळ, कडं, बुटातली पोलादी टोपी काढून ठेवावी. सोनं की पत्रा, हे यालाही सांगता येत नाही.

पल्स इंडक्शनचं यंत्र क्षणभर जोरदार धक्का सोडून थांबतं आणि काही मायक्रोसेकंदांनी धातूतला विझत जाणारा प्रवाह ऐकतं. जांभ्यासारख्या जमिनीत हे साध्या यंत्रापेक्षा सरस. मीटरभर बाजूची चौकट लावली की दोघांनी धरून शेत पालथं घालता येतं. तोटा असा की लोखंड बऱ्यापैकी गाळता येत नाही. जुन्या गावठाणात हे फिरवलं तर दिवसभर नाल, कोयंडे आणि बैलगाडीच्या धावेचे तुकडे खणत बसाल. चौथा तारा इथेच अडतो.

याच रांगेत ‘स्कॅनिंग करून देतो’ म्हणणारी सेवा येते. लॅपटॉपवर लाल-निळं त्रिमितीय चित्र, मधोमध पिवळा ठिपका. चित्र कशाचं आहे ते विचारा. मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र, असेल तर त्याला सोनं, चांदी, तांबं दिसणं शक्यच नाही. त्याला लोखंड, भाजलेली वीट आणि बेसॉल्ट दिसतो. जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार असेल तर काळ्या चिकणमातीत, तीही ओली असताना, त्याच्या लहरी मीटरभरात विरतात. रडार पोकळी आणि थर दाखवतं, धातूचं नाव सांगत नाही. रंग सॉफ्टवेअर भरतं. मूळ नोंदींची फाइल मागितली की बरेच ‘ऑपरेटर’ घाईत असतात.

मोबाइलच्या ॲपचं दोन ओळींत: फोनमधला होकायंत्राचा सेन्सर लोखंड वीतभर अंतरावरून ओळखतो, बाकी काही नाही. भिंतीतला खिळा शोधायला ठीक.

लाँग रेंज लोकेटर

आता शून्यवाल्याकडे. चकचकीत सूटकेस, स्क्रीन, ‘सोनं, चांदी, हिरा, पोकळी’ अशी बटणं, अंतराची निवड आणि मुठीवर सहज फिरणारी अँटेना. माणूस चालू लागला की अँटेना वळते आणि एका दिशेला ‘लॉक’ होते. कारण साधं आहे: जवळजवळ आडव्या बसवलेल्या, घर्षण नसलेल्या दांड्याला मनगटाचा अंशभर कल पुरतो. धरणाऱ्याला तो कल जाणवतही नाही, आणि जिकडे धन असेल असं त्याला वाटतं तिकडेच तो कलतो. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने ही नकळत होणारी हालचाल १८५२मध्येच वर्णन करून ठेवली आहे. म्हणून धरणारा प्रामाणिक असला तरी यंत्र खोटंच राहतं. पाणाड्याच्या हातातली काटकी याच न्यायाने वाकते.

याच जातीची यंत्रं स्फोटकं शोधण्यासाठी म्हणून लष्करांना विकली गेली, आणि मग न्यायालयात त्यांची चिरफाड झाली. एडीई ६५१ नावाचं यंत्र इराकमध्ये तपासणी नाक्यांवर वापरात होतं. त्याचं मूळ गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं गमतीचं खेळणं होतं, आणि त्याच्या ‘शोधक कार्डा’त दुकानातल्या कपड्यांना लावतात तसला चोरीरोधक टॅग निघाला. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला लंडनच्या न्यायालयाने २०१३मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. जीटी २०० या त्याच्या भावंडाची थायलंड सरकारने २०१०मध्ये चाचणी घेतली, तेव्हा वीसपैकी चार वेळा उत्तर बरोबर आलं. सोन्यासाठीची यंत्रं याच साच्यातली आहेत. फक्त इथे बॉम्ब फुटत नाही, म्हणून बोभाटा होत नाही.

विक्रेत्याशी वाद घालू नका, चाचणी मागा. दहा एकसारख्या प्लास्टिकच्या बादल्या दोन-दोन मीटर अंतरावर पालथ्या घाला. आधी एक फेरी उघडी: अंगठी कुठल्या बादलीखाली आहे ते त्याला दाखवा, यंत्र चालवू द्या, ‘जागा स्वच्छ आहे, यंत्र बरोबर चालतंय’ हे त्याच्याकडून लिहून घ्या. ही पायरी गाळली की नंतर ‘इथे जमिनीत पाणी आहे’, ‘वरून तार जाते’ अशा सबबी सुरू होतात. मग झाकलेल्या दहा फेऱ्या. अंगठी कुठे ठेवायची ते एक ते दहाच्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. ठेवणाऱ्याने ठेवून, सगळ्या बादल्या एकेकदा हलवून, तिथून निघून जायचं. विक्रेता येईल तेव्हा उत्तर ठाऊक असलेलं कुणीही समोर नको, कारण बघणाऱ्याचा चेहरा फितूर होतो. नुसत्या अंदाजाने दहात सरासरी एक बरोबर येतो. चार किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात सव्वाच्या आसपास. सात बरोबर आले तर यंत्र जरूर घ्या. किती बरोबर म्हणजे पास, हा आकडा चाचणीआधी कागदावर लिहा. नंतर ठरवू म्हटलं की तो खाली-खाली येतो.

बहुतेक विक्रेते चाचणीला तयारच होत नाहीत. ‘ताजं पुरलेलं सोनं लागत नाही, शंभर वर्षं मुरलेलं लागतं’ हे ठरलेलं उत्तर. ऐकायला पटतं, कारण मुरणं आपल्याला लोणच्यापासून माहीत आहे. सोनं मात्र मुरत नाही. शंभर वर्षांत गंजतही नाही, म्हणून तर त्याला किंमत.

गोष्टींचं वजन

यंत्र विकत घेण्याआधी गोष्ट तोलून बघायला पैसे पडत नाहीत. वीस लिटरचा हंडा सोन्याच्या मोहरांनी भरला, नाण्यांमधली पोकळी चाळीस टक्के धरली, तरी बारा लिटर सोनं झालं. सोन्याची घनता १९.३, म्हणजे दोनशे तीस किलोच्या आसपास. गोष्टीतला सावकार असे सात हंडे एका रात्रीत, एकट्याने, शत्रू वेशीवर असताना पुरतो.

ऑक्टोबर २०१३मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, दौंडिया खेडा गावी, एका साधूच्या स्वप्नात १८५७च्या लढ्यातल्या राजा राव रामबक्ष सिंहाचं हजार टन सोनं आलं. हजार टन म्हणजे सुमारे ५२ घनमीटर, पावणेचार मीटर बाजूचा भरीव ठोकळा. रिझर्व्ह बँकेकडे त्या वेळी ५५७ टनांच्या आसपास सोनं होतं. एका तालेवार जमीनदाराकडे देशाच्या तिजोरीच्या पावणेदोन पट सोनं कुठून येईल, हा प्रश्न फावड्याआधी विचारता आला असता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या उपकरणांना खाली काहीतरी वेगळं जाणवलं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १८ ऑक्टोबरला खोदाई सुरू केली, आणि महिना संपायच्या आत थांबवली. मिळाले ते विटांचे तुकडे, खापरं, चुली. जमिनीखाली ‘काहीतरी वेगळं’ लागणं आणि सोनं लागणं यांत केवढं अंतर आहे, त्याचा हा सरकारी खर्चाने झालेला धडा.

पण संशय घेणाऱ्यांमधले काही ‘जमिनीत कधीच काही नसतं’ म्हणतात, तेही खरं नाही. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे १९०६मध्ये चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी मिळाली. क्षत्रप नहपानाची नाणी, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नाण्यावर नहपानाचा चेहरा आणि त्याच्यावरच उमटलेलं सातवाहनांचं चिन्ह. कुणी कुणाला हरवलं ते चांदीवर ठोकून लिहिलेलं. आता वजन करा: नाणं दोन ग्रॅमच्या आसपासचं, म्हणजे सगळी मिळून पंचवीस-तीस किलो, आणि मावतील चार-पाच लिटरच्या भांड्यात. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, प्रवरेकाठी दायमाबादला, १९७४मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना बैलगाडी हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार ओतीव मूर्ती मिळाल्या. साठ किलोंहून जास्त वजन, वय साडेतीन-चार हजार वर्षांच्या घरातलं. सोनं तोळाभरही नाही, आणि किंमत करता येणार नाही असा ऐवज.

अशा ठेवी नांगराला, पायाला, मुळाशी लागतात, कारण पुरणाऱ्याला ते परत काढायचं होतं. चुलीशेजारी, उखळाखाली, भिंतीच्या कोनाड्यात, कमरेएवढ्या खोलीवर. पाच पुरुष खोल पुरणाऱ्याला परत काढायला मजूर लावावे लागले असते, आणि मजूर लावले की गुपित राहत नाही. म्हणजे साधं डिटेक्टर जेवढं खोल बघतं तेवढ्यातच खरी ठेव असायची शक्यता जास्त. फक्त ती दंतकथेतल्या जागी नसते. दंतकथेची जागा तर आजवर दहा जणांनी उकरून झालेली असते.

यंत्रासोबत हल्ली ‘निशाण वाचून देणारा’ही मिळतो. दगडावर चंद्र-सूर्य दिसले की खाली धन, असं तो सांगतो. चंद्र-सूर्य हे दानपत्राचं वचन आहे: ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावं. गधेगाळ म्हणतात त्या शिळेवर गाढव कोरलेलं असतं ते दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी म्हणून. वीरगळाखाली वीराचं स्मारक आहे, तिजोरी नाही. या अडाणी वाचनापायी वीरगळ उलथले जातात, नंदीची पोटं फोडली जातात, पिंडी उखडल्या जातात. या सेवेला तारे द्यायचे नसतात, पोलिसांत द्यायचं असतं.

पुढची पायरी आणखी वाईट. यंत्राने ‘लॉक’ दिलं, खणलं, काही निघालं नाही, की ‘जागेवर राखण आहे’ असं निदान होतं. मग पायाळू माणूस आणा, मांडूळ आणा, अमावास्येची पूजा, कोंबडं, आणि त्यापुढे. मांडूळ पकडणं, विकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार रुपये.

‘खणताना सापडलेलं सोनं स्वस्तात’ विकणाऱ्यांची तऱ्हा ठरलेली: पहिला मणी खरा, सराफाकडे तपासून घ्या म्हणतात, नंतरची पिशवी पितळेची. घरच्या घरी तपास करायचा तर औषधाचा मापाचा पेला पुरे. शंभर ग्रॅम शुद्ध सोनं पाच मिलिलिटरच्या थोडं वर पाणी चढवतं, बावीस कॅरटचं साडेपाच-सहा, पितळ बाराच्या आसपास. सहा आणि बारामधला फरक दिसायला चष्मा लागत नाही. टंगस्टनवर मुलामा दिलेला असेल तर ही युक्ती चालत नाही, त्याची घनता सोन्याएवढीच आहे. पण रस्त्यावरचा ठग टंगस्टनचा खर्च करत नाही.

सापडलंच तर

भारतीय निखात निधी अधिनियम १८७८चा. जमिनीत लपवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही चीज सापडली की लवकरात लवकर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, कोणत्या तारखेला. ऐवज जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा त्यासाठी जामीन द्यायचा. मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देतात. मालक निघाला नाही आणि जागेच्या मालकाशी दुसरा करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागेच्या मालकाला एक चतुर्थांश. सरकारला ऐवज ठेवून घ्यायचा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येतो. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि हिस्साही गेला. ‘यंत्र आमचं, निम्मं-निम्मं’ असा स्टॅम्पपेपर करून देणारे भेटतात. त्या कागदाने कळवण्याची जबाबदारी टळत नाही. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर हा निषिद्ध टापू आहे, तिथे खणायचा विचारच सोडा. गडकिल्ल्यांवर यंत्र घेऊन फिरू नका.

लोकेटर घेऊन फसला असाल तर सूटकेस फेकून देऊ नका. जाहिरात, चॅट, पैसे पाठवल्याची नोंद आणि ‘इतके मीटर’ हा लेखी दावा जपून ठेवा. फसवणुकीची फिर्याद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली होते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. गुप्तधन शोधत होतो हे सांगायची लाज वाटते म्हणून बहुतेक लोक गप्प बसतात, आणि विक्रेता त्याच लाजेवर पुढच्या तालुक्यात दुकान मांडतो. फिर्यादीत कारण लिहायची गरज नाही. दोन किलोमीटरवरून धातू दाखवतं असं सांगून विकलं आणि ते दाखवत नाही, एवढं पुरतं.